भावाच्या औषधाची बाटली: वडोदऱ्यातील एका जलतरणपटूच्या उत्तेजक चाचणीचे प्रकरण

हे प्रकरण वडोदऱ्यातील एका मराठी घरातल्या मुलीचे आहे. नमुना घेतला त्या दिवशी तिचे वय १५ वर्षे ७ महिने होते. तिच्या आणि तिच्या आईवडिलांच्या संमतीने मी हे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून स्पर्धेचे नाव, वर्ष आणि घरचे काही तपशील गाळले आहेत. त्या राष्ट्रीय वयोगट स्पर्धेला मुलींच्या संघाची व्यवस्थापक म्हणून मी गेले होते आणि चाचणीच्या कागदावर तिची सज्ञान प्रतिनिधी म्हणून सही माझी आहे. मी या प्रकरणात त्रयस्थ नाही, हे वाचकाने सुरुवातीलाच लक्षात घ्यावे.

दांडिया बाजाराच्या आसपास वाढलेल्या आमच्या पिढीला खुराक हा शब्द जुम्मादादा व्यायाम मंदिरात जाणाऱ्या काका-मामांकडून मिळाला, आणि त्याचा अर्थ दूध, तूप आणि भिजवलेले बदाम एवढाच होता. उत्तेजक द्रव्य म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे सुई येई, परदेशी पावडरचा डबा येई, आणि तो घेणारा कुणीतरी दुसऱ्या गावचा, दुसऱ्या खेळातला माणूस असे. आपल्या स्वयंपाकघरातल्या फडताळात, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ते द्रव्य उभे असू शकते, असा विचार या मुलीच्या घरी कुणी केला नव्हता, आणि वीस वर्षे तलावाच्या काठावर काढूनही मीही केला नव्हता.

नमुना

जूनचा महिना होता. दोनशे मीटर वैयक्तिक मेडलेच्या अंतिम शर्यतीत तिला कांस्यपदक मिळाले. पाण्यातून बाहेर येऊन तिने टॉवेल अंगावर ओढला तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र घातलेली एक तरुणी तिच्यापाशी आली. आपण नाडाकडून, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेकडून आलो आहोत असे सांगून तिने सूचनेच्या कागदावर मुलीची सही घेतली आणि त्या क्षणापासून ती मुलीच्या मागोमाग राहिली. पदकवितरण झाले, अंग मोकळे करण्यासाठी मुलगी पुन्हा पाण्यात उतरली, तिने कपडे बदलले. पण नमुना देईपर्यंत तिला त्या तरुणीच्या नजरेआड जाता आले नाही. पहिल्यांदा हे पाहणाऱ्या पालकांना यात संशयाचा वास येतो. वास्तविक या नियमात खेळाडूचेही संरक्षण आहे, कारण मधल्या वेळात कुणी काही केले असा आरोप पुढे कुणालाच करता येत नाही.

चाचणीच्या खोलीत तिच्यासोबत मी बसले. लघवीचा नमुना किमान ९० मिलिलिटर लागतो. शर्यतीनंतर शरीर कोरडे पडलेले असते आणि अनोळखी स्त्री अधिकाऱ्यासमोर नमुना द्यायचा असतो, त्यामुळे पहिल्या वेळी तो कमी पडला. तेवढा तात्पुरता सीलबंद करून ठेवला गेला आणि आम्ही सव्वा तास पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करत बसलो. दुसऱ्या वेळी काम झाले. मग समोर मांडलेल्या खोक्यांमधून एक तिने स्वतः निवडले, झाकणावरचा, बाटलीवरचा आणि खोक्यावरचा क्रमांक एकच आहे हे मोठ्याने वाचून दाखवले, आणि स्वतःच्या हाताने आधी बी बाटलीत ३० मिलिलिटर आणि मग ए बाटलीत ६० मिलिलिटर ओतले. ओतताना तिचा हात थरथरत होता. त्या बाटल्यांचे झाकण फिरवताना कट-कट असा आवाज येतो. ते पुढेच फिरते, मागे फिरत नाही. भांड्यात उरलेल्या थेंबांवर अधिकाऱ्यांनी लघवीची घनता तपासली, कारण पाणी पिऊन पिऊन ती फार पातळ झाली तर नमुना पुन्हा घ्यावा लागतो. सगळे नियमाप्रमाणे झाले. पुढे सुनावणीत या प्रक्रियेवर आम्ही एकही आक्षेप घेतला नाही, कारण घेण्यासारखा नव्हताच.

शेवटी फॉर्म भरायचा होता. त्यात मागच्या सात दिवसांत घेतलेल्या औषधांसाठी जागा असते. तिने व्हिटॅमिन डी लिहिले, पॅरासिटामॉल लिहिले, आणि पेन थांबले.

"काकू, खोकल्याचं औषध लिहू?"

"नाव काय त्याचं?"

"नाव नाही माहीत. आजीनं दिलं होतं, घरातलंच."

रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते, निवासाकडे जाणारी बस आमच्यासाठी थांबवून ठेवली होती, आणि तिला दुसऱ्या दिवशी सकाळी रिले पोहायची होती. मी म्हणाले, "मग राहू दे. नाव माहीत नसताना काय लिहिणार?" तिने सही केली.

"खोकल्याचे औषध, नाव माहीत नाही, आजीने दिले" एवढे लिहिले असते तर ती नोंद पूर्ण झाली असती. औषध फॉर्मवर लिहिल्याने निषिद्ध द्रव्य माफ होत नाही, हे खरे. पण चाचणीच्या दिवशी, निकाल माहीत नसताना केलेली ती नोंद खेळाडूच्या प्रामाणिकपणाचा सर्वांत भक्कम पुरावा ठरते, आणि तो पुरावा तिच्या हातून माझ्यामुळे गेला.

पत्र

एकतिसाव्या दिवशी ईमेल आला. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत ए नमुन्यात टर्ब्युटालिन आढळले होते. हे द्रव्य बीटा-२ अगोनिस्ट या वर्गात मोडते. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू सैल करून ते दम्याच्या रुग्णाला श्वास घेणे सोपे करते, आणि म्हणूनच ते आपल्याकडच्या कितीतरी कफ सिरपमध्ये असते. पोटातून मोठ्या मात्रेत घेतल्यास या वर्गातील औषधांचा स्नायूंच्या ताकदीवर परिणाम होऊ शकतो. जनावरांची चरबी घटवून मांस वाढवण्यासाठी बदनाम झालेले क्लेनब्युटेरॉल याच कुळातले आहे. त्यामुळे हा वर्ग स्पर्धेच्या दिवशीच काय, वर्षभर निषिद्ध असतो.

या वर्गाला काही अपवाद आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. श्वासावाटे घेतलेले सालब्युटामॉल २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कोणत्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. फॉर्मोटेरॉल आणि साल्मेटेरॉल यांनाही पंपावाटे घेण्याची ठराविक मुभा आहे. क्लोरीनच्या वाफेत रोज चार-चार तास श्वास घेणाऱ्या जलतरणपटूंमध्ये श्वासाच्या तक्रारी बऱ्याच असतात, त्यामुळे पंप वापरणारी मुले आमच्या प्रत्येक संघात असतात. "पंप चालतो, मग सिरपला काय झालं?" असा प्रश्न मुलीच्या वडिलांनी मला विचारला. तो अगदी स्वाभाविक होता. उत्तर असे की सालब्युटामॉलचेही सिरप चालत नाही, आणि टर्ब्युटालिन तर पंपाने घ्या, गोळीने घ्या की सिरपने, आधी परवानगी घेतल्याशिवाय मुळीच चालत नाही.

पत्रात बी नमुना, म्हणजे पडताळणीसाठी सीलबंद राखून ठेवलेली दुसरी बाटली, उघडून तपासून घेण्याचा हक्क सांगितला होता. त्याचा खर्च खेळाडूने करायचा असतो. नात्यातल्या अनेकांचा आग्रह होता की बी उघडाच, कदाचित काही वेगळे निघेल. मी मात्र आधी घर शोधा म्हणाले.

बाटली

ती स्वयंपाकघराच्या फडताळातच होती, अर्ध्याहून थोडी कमी. झाकणाच्या कडेला सुकलेल्या सिरपची साखर जमली होती आणि ओघळाने लेबलाची एक बाजू चिकट व काळपट झाली होती. मोबाइलने फोटो काढून अक्षरे मोठी केली तेव्हा वाचता आले: प्रत्येक ५ मिलिलिटरमध्ये टर्ब्युटालिन सल्फेट १.२५ मिलिग्रॅम, ब्रोमहेक्झिन ४ मिलिग्रॅम, ग्वायफेनेसिन ५० मिलिग्रॅम. शेवटच्या दोघांवर बंदी नाही.

औषध धाकट्या भावाचे होते. मे महिन्यात त्याची छाती भरली तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या नावावर लिहून दिले होते. जूनमध्ये स्पर्धेला निघण्याच्या तीन दिवस आधी मुलीला खोकला झाला, आणि आजीने उरलेल्या बाटलीतून रात्री दोन चमचे, सकाळी दोन चमचे दिले. वाटेत लागेल म्हणून एका छोट्या बाटलीत भरूनही दिले. खोकला थांबला. घरोघरी हेच चालते. आजी सतत विचारत राहिल्या, "पण हे तर लहान मुलाला दिलेलं औषध, ते वाईट कसं असेल?" औषध वाईट नव्हतेच. नातीची झोपमोड होऊ नये म्हणून रात्री दोनला उठणाऱ्या त्या बाईंना दोष देण्याचे धाडस मला झाले नाही आणि कुणी देऊही नये.

याच आठवड्यात एका हितचिंतकाने सुचवले की ओळखीच्या डॉक्टरकडून दम्याचा मागच्या तारखेचा दाखला घ्या आणि उपचारासाठीची सूट, जिला सगळे टीयूई म्हणतात, ती मागा. काही परिस्थितीत ही सूट नंतरही मागता येते, हे खरे आहे. पण तिच्यासाठी आजार खरा असावा लागतो आणि तो श्वासाच्या चाचणीने सिद्ध करावा लागतो. औषध देण्यापूर्वी आणि नंतर फुंकर मोजून किमान १२ टक्क्यांचा फरक दिसावा लागतो. वडिलांनी मुलीला छातीच्या डॉक्टरांकडे नेले, रीतसर चाचणी करवली, आणि ती पूर्ण निरोगी निघाली. दम्याचा विषय तिथेच संपला. खोटा दाखला हा चाचणीत ढवळाढवळ करण्याचा स्वतंत्र आणि अधिक गंभीर गुन्हा आहे, पण वडिलांनी नकार दिला तो कायदा वाचून नव्हे. ते एवढेच म्हणाले, "तिच्यासमोर खोटं लिहायचं नाही."

बी नमुना उघडण्याचा हक्क आम्ही सोडला. बाटली हातात असताना प्रयोगशाळेवर संशय घेण्यात अर्थ नव्हता. बाटली, भावासाठी डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी, औषधाच्या दुकानाचे बिल आणि आजींचे प्रतिज्ञापत्र असे चार कागद आम्ही जोडले, आणि तात्पुरते निलंबन स्वतःहून स्वीकारले. या वर्गाच्या द्रव्यांना ते सक्तीचे नसते, पण स्वीकारले तर ते दिवस अंतिम शिक्षेतून वजा होतात.

सुनावणी आणि निकाल

या नियमांचा पाया असा आहे की शरीरात काय जाते याची जबाबदारी खेळाडूची आहे, हेतू काहीही असो. हे ऐकायला निष्ठुर वाटते, आणि जलतरणाच्या इतिहासात त्याची सर्वांत हृदयद्रावक कहाणी दम्याच्याच औषधाची आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १६ वर्षांच्या अमेरिकेच्या रिक डिमाँटने ४०० मीटर फ्रीस्टाइल एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने जिंकली. लहानपणापासूनच्या दम्यासाठी तो जे औषध घेई त्यात एफेड्रिन हे निषिद्ध उत्तेजक होते. त्याने ते आपल्या संघाच्या वैद्यकीय फॉर्ममध्ये लिहिले होते, पण संघाच्या डॉक्टरांनी ते पुढे ऑलिंपिक समितीकडे पोहोचवले नाही. सुवर्णपदक गेले आणि १५०० मीटरच्या अंतिम शर्यतीत त्याला उतरू दिले गेले नाही. त्याने औषध लिहिले होते ही गोष्ट अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने २००१ मध्ये मान्य केली. पदक मात्र परत आले नाही. सुनावणीच्या आदल्या रात्री हे वाचून माझी झोप उडाली, कारण त्याच्या प्रकरणात लिहिलेले पुढे गेले नव्हते आणि आमच्या प्रकरणात ते लिहूच दिले गेले नव्हते.

आमच्याकडे येणारे लोक वेगळेच उदाहरण देत. २०२१ च्या जानेवारीत चीनच्या २३ जलतरणपटूंच्या नमुन्यांत ट्रायमेटाझिडीन हे हृदयविकारावरचे निषिद्ध औषध सापडले, हॉटेलच्या स्वयंपाकघरातून ते जेवणात मिसळले हा चीनचा खुलासा जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने, म्हणजे वाडाने, ग्राह्य धरला, कुणालाही शिक्षा झाली नाही, आणि २०२४ च्या एप्रिलपर्यंत जगाला पत्ताही लागला नाही. "त्यांना काही नाही, मग आपल्याच पोरीला का?" हा संताप मला समजतो, आणि ते प्रकरण ज्या गुप्ततेने मिटले ते मलाही पटलेले नाही. पण आपल्या प्रकरणात त्याचा आधार घेता येत नव्हता. तिथला दावा नकळत मिसळले गेल्याचा होता. इथे द्रव्य लेबलावर छापलेले होते. निर्दोष ठरण्यासाठी लागणारी पायरी आम्हाला मुळात खुली नव्हती, कारण घरच्या माणसाने किंवा डॉक्टरने दिले हे कारण नियमात त्या पायरीपर्यंत पोहोचत नाही.

खुले होते ते एवढेच, की तिची चूक मोठी नव्हती हे दाखवणे. १६ वर्षांखालील खेळाडूला नियमात संरक्षित व्यक्ती मानतात. द्रव्य शरीरात कसे गेले हे सिद्ध करण्याची सक्ती अशा खेळाडूवर नसते, तिचे नाव जाहीर करणे बंधनकारक नसते, आणि चूक मोठी नसेल तर शिक्षा समज देण्यापासून कमाल २ वर्षांपर्यंत काहीही असू शकते. सक्ती नसली तरी आम्ही उगम सिद्ध केला, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते. ऑस्ट्रेलियाची जलतरणपटू शायना जॅक हिला २०१९ मध्ये आपल्या नमुन्यात सापडलेल्या लिगँड्रॉल या स्नायू वाढवणाऱ्या निषिद्ध द्रव्याचा उगम कधीच दाखवता आला नाही; हेतू नव्हता हे क्रीडा लवादाने मान्य करूनही तिची २ वर्षे गेली. आमच्याकडे बाटली होती.

सुनावणी ऑक्टोबरमध्ये, नवरात्रात, ऑनलाइन झाली. मंडळात तीन सदस्य होते. ते मुलीशी फार सौम्यपणे बोलले, पण एका प्रश्नावर ते तीनदा परत आले: सात दिवसांतली औषधे लिहिताना हे का लिहिले नाही? ती गप्प राहिली. मला वाचवण्यासाठी ती गप्प आहे हे माझ्या लक्षात आले आणि मी बोलण्याची परवानगी मागितली. तिने विचारले होते, मी नको म्हटले, हे मी जसे घडले तसे सांगितले. व्यवस्थापक म्हणून तुम्हाला या विषयाचे काही प्रशिक्षण मिळाले होते का, असे अध्यक्षांनी विचारले. मिळाले नव्हते. मुलींना मिळाले होते का? तेही नव्हते. मी स्वतःहून कधी शोधलेही नव्हते, हेही मी सांगितले.

निर्णयात ४ महिन्यांची बंदी आली, निलंबन स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजून. तिचे वय, प्रशिक्षणाचा अभाव आणि पुराव्यांची सुसंगती लक्षात घेतली गेली. पण बाटलीवर घटक छापलेले असताना कुणीही ते वाचले नाहीत, म्हणून केवळ समज देऊन सोडले गेले नाही. मला हा निर्णय न्याय्य वाटतो. आईला आजही वाटत नाही, आणि तिच्याशी या मुद्द्यावर मी वाद घालत नाही.

मेडलेचे कांस्यपदक आपोआप रद्द झाले. त्या संध्याकाळी चौथी येऊन रिकाम्या हाताने बसमध्ये चढलेली एक मुलगी होती; ते पदक आता तिचे आहे आणि असायलाच हवे. त्याहून जड गोष्ट रिलेची होती. नमुना दिल्यानंतर पोहलेल्या शर्यतींचे निकालही रद्द होतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या चार गुणिले शंभर फ्रीस्टाइल रिलेत आमच्या मुलींनी रौप्य मिळवले होते. उरलेल्या तिघींनी कुठलेच औषध घेतले नव्हते. त्यांच्या घरी मी स्वतः गेले. दोघींनी पदक काढून दिले. तिसरीच्या वडिलांनी दारातच विचारले, "माझ्या मुलीनं काय केलं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आतून त्यांची मुलगीच पदक घेऊन आली, फीत नीट गुंडाळून.

बंदीच्या काळात खेळाडूला क्लबबरोबर सराव करता येत नाही. शेवटचा चौथा हिस्सा उरला की क्लबमध्ये परतता येते. तिच्या बाबतीत तो शेवटचा महिना होता. तोपर्यंत तिने पालिकेच्या तलावावर सर्वसामान्यांसारखा पास काढला आणि सकाळच्या महिलांच्या बॅचमध्ये पोहायला लागली. चाळिशीच्या बायका कठडा धरून पाय मारायला शिकत होत्या आणि शेजारच्या लेनमध्ये ही वळणांमागून वळणे घेत होती. दोन-तीन आठवड्यांनी त्यांपैकी एकीला तिने पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला शिकवले.

तिच्या घरच्या फडताळात आता तिची औषधे वेगळ्या डब्यात असतात. डॉक्टरांकडे गेल्यावर ती पहिल्यांदा आपण चाचणी होणारी खेळाडू आहोत हे सांगते. दुकानदाराने "हेच आहे, कंपनी दुसरी" म्हणून बाटली पुढे केली की ती घटक वाचते, आणि नाडाच्या नो युअर मेडिसिन या अॅपवर तपासल्याशिवाय पैसे देत नाही. सर्दीच्या गोळीतले फिनाइलएफ्रिन चालते, स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या वेळी लघवीतल्या ठराविक मर्यादेपलीकडे चालत नाही, प्रेडनिसोलोनची गोळी स्पर्धेच्या काळात चालत नाही, हे तिला तोंडपाठ आहे. संघातल्या प्रत्येक मुलीकडून प्रवासाच्या आदल्या दिवशी सात दिवसांची औषधे लिहून घेणे आणि बाटली-पाकिटाचा फोटो ठेवणे हे काम मी माझ्याकडे घेतले आहे. मागच्या वेळी एका मुलीने त्यात लिहिले होते: "ओव्याचा काढा, मावशीने दिला, तीन वेळा." मी तो कागद तसाच फाइलमध्ये लावला.